मशीन कमावत नाही, जागा कमावते

‘मशीन बसवा, घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती सध्या सर्रास दिसतात. चहा-कॉफीचे, वेफर-बिस्किटांचे किंवा थंड पेयांचे व्हेंडिंग मशीन घेऊन कुठेतरी उभे करायचे आणि संध्याकाळी पैसे मोजायचे, असे चित्र त्यात रंगवलेले असते. आपल्याकडील अनेक होतकरू तरुण हे वाचून घरची पुंजी मोडायला निघतात. धंदा वाईट नाही, पण चित्र खोटे आहे.

एक साधा हिशेब मांडू. समजा मशीन तीस हजारांचे आहे आणि चहाचा कप दहा रुपयांना विकला जातो. पावडर, कागदी कप आणि पाणी मिळून कपामागे साडेपाच रुपये गेले, तर साडेचार उरले. रोज ऐंशी कप खपले तर तीनशे साठ रुपये, म्हणजे पंचवीस दिवसांचे नऊ हजार. त्यातून जागेचे भाडे तीन हजार, वीज एक हजार आणि येण्या-जाण्याचे एक हजार वजा करा. उरले चार हजार. साडेसात-आठ महिन्यांत मशीनचे पैसे वसूल होतील. आता खप चाळीस कपांवर आला असे धरा. हाती येतील साडेचार हजार आणि खर्च मात्र तोच पाच हजारांचा! विक्री निम्मी झाली म्हणजे नफाही निम्मा होईल असे समजणारा इथेच बुडतो. व्याजाने पैसे काढून एकदम पाच मशीन घेणाऱ्याचे काय होईल, ते सांगायला नको. व्याजाचा प्रश्न तर वेगळाच.

म्हणून आधी जागा पाहावी, मशीन नंतर. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात कारागिराला उकळलेला कडक चहा लागतो. समोर टपरी असताना पावडरीच्या चहाला तिथे कोण विचारणार? याउलट रात्री टपऱ्या बंद झाल्यावरही जिथे माणसे ताटकळत बसलेली असतात, तिथे मशीन चालते. इस्पितळाचा बाकड्यांचा भाग, क्लासेसची इमारत, ट्रान्सपोर्टचे गोदाम या अशा जागा. दोन-तीन दिवस तिथे स्वतः उभे राहून माणसे मोजावीत. आपल्या वस्तीत मशीन ठेवायचे असेल, तर रमजानमध्ये दिवसाची विक्री जवळपास थांबेल हेही हिशेबात धरावे.

जागामालकाशी करार लेखी हवा. भाडे किती, विजेचा सबमीटर कोणाचा, शेजारी दुसरे मशीन येणार की नाही, हे त्यात स्पष्ट असावे. काही कंपन्या अनामत घेऊन मशीन देतात, पण पावडर त्यांचीच घ्यावी लागते. पावडरीचा भाव त्यांनी वाढवला की आपला नफा आटतो. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणीही आधीच करून घ्यावी.

पूर्वी या धंद्यात सुट्या नाण्यांची मोठी अडचण होती. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले आणि क्यूआर कोडमुळे ती बरीचशी सुटली. देखभालीची अडचण मात्र कायम आहे. पाण्यातल्या क्षारांनी हीटरवर थर चढतो, दमट हवेत पावडरीचे गोळे होऊन ती अडकते, वेफरचे पाकीट स्प्रिंगमध्ये लटकून राहते. एकदा पैसे गेले आणि माल आला नाही, की गिऱ्हाईक पुन्हा त्या मशीनकडे फिरकत नाही.

माझ्या मते आपल्या कारागिरांसाठी खरी संधी इथेच आहे. मोटार बांधणारा, फ्रिज-एसी दुरुस्त करणारा, वायरिंग करणारा माणूस आपल्या गल्लीत आहे. व्यापाऱ्याने पैसा घालावा, कारागिराने मशीन सांभाळावे आणि नफ्यातील वाटा आधीच कागदावर ठरवावा. बाहेरचा मेकॅनिक चार दिवसांनी येतो आणि ते चार दिवस मशीन बंद राहते. घरचा कारागीर असेल तर संध्याकाळी बिघडलेले मशीन सकाळी पुन्हा चालू होते. अशा जोडीने एकच मशीन, तेही जमल्यास जुने, घेऊन सहा महिने चालवावे आणि रोजचे कप वहीत लिहावेत. दुसरे मशीन घ्यायचे की नाही, ते त्या वहीवरून ठरवावे.