३+ म्हणजे हुशारीचं सर्टिफिकेट नव्हे

आमच्या वयाच्या लोकांना सध्या दोनच प्रकारची आमंत्रणं येतात. एक लग्नाचं, दुसरं कुणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं. लग्नाचं सोपं असतं, पाकीट दिलं की काम झालं. वाढदिवसाला मात्र "काहीतरी खेळणं नेऊ" असं ठरतं आणि शुक्रवारी रात्री ऑफिसचा शेवटचा कॉल संपवून आपण मोबाईलवर खेळणी चाळत बसतो. बजेट ठरलेलं असतं. बॉक्स मोठा दिसला पाहिजे, हेही ठरलेलं असतं. मूल नक्की किती महिन्यांचं आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आलाच तर!

गंमत म्हणजे बॉक्सवर वय लिहिलेलं असतं, पण ते आपण उलटं वाचतो. ३+ दिसलं की वाटतं, हे जरा हुशार मुलांसाठी असणार. मग घरचे कौतुकानं म्हणतात, "आमची दीड वर्षाचीच आहे, पण सहज खेळेल बघा यानं." खेळेल हो, नक्की खेळेल. प्रश्न तो नाहीच.

माझं म्हणणं एवढंच की हा ३ चा आकडा म्हणजे मेरिट लिस्ट नाही. तो बहुतेक वेळा मुलाच्या घशाच्या मापावरून येतो, डोक्याच्या नाही. तीन वर्षांखालचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं, कारण जग समजून घ्यायची त्याची तीच पद्धत असते. म्हणून खेळण्यांच्या तपासणीत एक छोटा सिलिंडर वापरतात. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. खेळण्याचा सुटा किंवा तुटून निघणारा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नापास. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, यावरून अंदाज करा.

लेगोचं उदाहरण घ्या. लहानग्यांसाठी त्यांचेच ड्युप्लो ठोकळे मिळतात, ते लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दुप्पट असतात. खेळ तोच, एकावर एक ठोकळे बसवायचे. फरक फक्त मापाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर वय ही मिनिमम रिक्वायरमेंट आहे. युजर कितीही स्मार्ट असला तरी हार्डवेअर बदलत नाही :-)

इथे एक ठरलेलं वाक्य येतं. "आम्ही नाही का गोट्या आणि सागरगोटे खेळत मोठे झालो?" झालो ना. पण पहिल्या वर्षी कुणी गोट्यांची पिशवी गिफ्ट दिली नव्हती. आणि तेव्हाच्या खेळण्यांत आजच्यासारख्या दोन गोष्टी फारशा नव्हत्या.

पहिली म्हणजे बटण सेल. लाइट लागणारे भोवरे, गाणारी कार्डं, छोटे रिमोट, सगळ्यांत तो असतो. २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल साधारण रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तो फुटावा लागत नाही. ओलसर पेशींतून वीज वाहते, निगेटिव्ह बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं द्रव्य तयार होतं आणि दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. खेळण्यातला "संपलेला" सेलसुद्धा हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी म्हणजे छोटी ताकदवान मॅग्नेट्स. एकापेक्षा जास्त पोटात गेली तर आतड्याच्या दोन पदरांमधून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात.

आता हे सगळं आपल्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीशी ताडून पाहा. पार्टीला एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातात तीच पिशवी. त्यात लाइटवाली अंगठी, फुगे, खोडरबराची छोटी छोटी फळं. मोठ्यांसाठी एक आणि तीन वर्षांखालच्यांसाठी वेगळी, अशा दोन प्रकारच्या पिशव्या करायला कितीसा वेळ लागतो?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे दुकानात मार्क आणि वय बघायला दहा सेकंद लागतात. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना, हे बघायला आणखी पाच.

महाग म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. बाळाला आत बसवून फिरवायचा चाकांचा वॉकर हे आपल्याकडचं लाडकं गिफ्ट. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पायात बळ येण्याआधी बाळाला वेग मिळतो आणि ते जिन्यापर्यंत पोचतं. शिवाय त्यानं चालणं लवकर येतं असंही नाही. याउलट आपला पांगुळगाडा पाहा. मुलाला स्वतः उभं राहता आलं तरच तो ढकलता येतो. वयाची अट डिझाइनमध्येच आहे, बॉक्सवर छापायला नको!

मग द्यायचं काय? सहा महिन्यांच्या बाळाला धरता आणि चावता येईल असा एकसंध खुळखुळा. एक वर्षाच्या मुलाला डब्यात घालायचे-काढायचे मोठे ठोकळे किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. दोन वर्षांच्याला मोठ्या भांड्यांची भातुकली, ओढायची गाडी, जाड खडू. चार वर्षांच्याला चित्रांची गोष्टीची पुस्तकं, माधुरी पुरंदरे यांची तर जरूर. पाच-सहाला सापशिडी, कारण तेव्हा आपली पाळी येईपर्यंत थांबणं जमू लागतं. आणि टॅब? डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये. टॅबवर "एज्युकेशनल" लिहिलं म्हणून मूल दोन वर्षांचं होत नाही.

"पुढच्या वर्षी खेळेल" म्हणून घेतलेलं खेळणं माळ्यावर जाईल असं आपण धरून चालतो, पण बहुतेक घरांत बॉक्स त्याच रात्री फोडला जातो. पाच वर्षांच्या मुलाला ठोकळे दिले तर ते फार तर कंटाळेल. एक वर्षाच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाचं खेळणं दिलं तर परिणाम कंटाळ्यावर थांबेलच असं नाही. म्हणून आमंत्रण आलं की आधी विचारा, "किती महिन्यांचा झाला?" घरात धाकटं भावंड आहे का, हेही विचारून घ्या. यात कुणाला काही वाटत नाही. उलट मुलाबद्दल विचारलं की आईबाबा अर्धा तास बोलतात, तेवढी तयारी मात्र ठेवा :-)