गाडी तिच्या नावावर, चावी तिच्या हातात

रमजान ईद जवळ आली किंवा दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या, की ओळखीतले पुरुष मला हमखास विचारतात, "सर, मिसेससाठी गाडी घ्यायचीय. कोणती घेऊ?" प्रश्न ऐकून बरं वाटतं. वीस वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. पण मी उलट विचारतो, "भाभी बसून बघून आल्या का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. रंग ठरलेला असतो, हप्ता ठरलेला असतो, मायलेज तोंडपाठ असतं. जिला ती चालवायची आहे तिने मात्र शोरूमचा उंबरठाही ओलांडलेला नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी तिने निवडावी, तिच्या नावावर घ्यावी आणि चावी हातात देण्याआधी तिचं लायसन्स निघावं. यातलं एक जरी सुटलं तर गाडी बायकोसाठी घेतली असं म्हणू नये.

आधी निवडीचं बोलू. पुरुष गाडी पिकअपवर जोखतो. नव्याने शिकणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा असतो: ही गाडी माझ्याच्याने सावरेल का? आपल्याकडच्या पेट्रोलच्या बऱ्याचशा स्कूटर १०० ते ११० किलोच्या आसपास आहेत, सीटची उंची साधारण ७६० ते ७८० मिलिमीटर. कागदावर दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. पण पाच फूट उंचीच्या बाईचा तळवा टेकतो की नुसती बोटं, हे त्याच दोन सेंटिमीटरवर ठरतं. नवशिका माणूस वेगात कमी पडतो, थांबताना जास्त पडतो. म्हणून शोरूममध्ये तिला गाडी मधल्या स्टँडवर लावायला सांगा, स्टँडवरून काढायला सांगा, हाताने ढकलत मागे घ्यायला सांगा. आपल्या गल्ल्यांत हेच रोज करावं लागतं. ज्या गाडीवर तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात ती तिची गाडी, मग शेजाऱ्यांकडे कोणतीही असो.

इलेक्ट्रिक गाडी चांगली, पण बॅटरीमुळे बऱ्याच मॉडेलचं वजन जास्त भरतं आणि मूठ पिळताच ती आवाज न करता ओढ घेते. घ्यायची तर पहिले काही आठवडे सगळ्यात हळू मोडवरच चालवावी. राहिली ती '२५ च्या स्पीडची, लायसन्स न लागणारी' गाडी. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण लायसन्सची कटकट नको म्हणून ती बायकोच्या गळ्यात मारू नये. लायसन्सच्या निमित्ताने ती रस्त्याचे नियम शिकते, परीक्षा देते, पास होते. घरात बसून राहिलेल्या कितीतरी बायकांसाठी दहावीनंतरची ती पहिली परीक्षा असते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. मधल्या काळात मागे मुलांना बसवायचं नाही.

आता नाव. इथे बरेचजण म्हणतात, "माझ्या नावावर काय, तिच्या नावावर काय, एकच की!" एकच नाही. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते नोंदणीकृत मालकाला, त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच मिळतं. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, तर ते संरक्षण तिच्या कामाचं नाही. आणि दीनच्या दृष्टीनेही पाहा. बायकोची मालमत्ता तिची स्वतःची, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे आपण जगाला अभिमानाने सांगतो. मेहरचं उदाहरण देतो. मग आर.सी.बुकावर तिचं नाव घालताना पेन का अडखळतं?

"बाईने गाडी चालवणं आपल्यात बसतं का?" असंही कुजबुजत विचारलं जातं. रसूलुल्लाहांच्या काळात स्त्रिया उंटावर स्वार होत होत्या, हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. दाखला म्हणून ज्या सौदी अरेबियाकडे बोट दाखवलं जायचं, तिथेही २४ जून २०१८ पासून बायका मोटार चालवतात. आणि इतकं लांब कशाला? अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवणारी चांदबिबी याच मातीतली. त्याच नगरच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ मध्ये रस्त्यावर आली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिका, नर्स तिच्यावरून कामाला गेल्या. त्यात आपल्या बायका थोड्या होत्या, याचं कारण दीन नव्हता. कारण मोहल्ल्याची नजर होती.

पेहरावाची अडचण मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. सैल अबाया किंवा ओढणी मागच्या चाकात गेली तर जीवावर बेतू शकतं. आत सलवार किंवा पँट, अबाया घेराने कमी, बसल्यावर मांडीखाली दाबलेला, ओढणीची टोकं आत खोचलेली. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ, डोक्यावर पिना नाहीत. नकाब घेणारीने तो हेल्मेटखाली असा बसवावा की वाऱ्याने डोळ्यांवर येणार नाही आणि आरशात बघताना कडेचं दिसेल. हेल्मेट आयएसआय मार्कचं. पुण्यात तर धूळ आणि उन्हासाठी सगळ्याच मुली स्कार्फ गुंडाळतात. सिग्नलला उभ्या असल्या की कोण कुलकर्णी आणि कोण कुरेशी, कळत नाही. मला ते दृश्य आवडतं.

शिकवण्याबद्दल एकच सांगतो. मी बावीस वर्षं वर्गात उभा आहे. घाबरलेल्या विद्यार्थ्यावर ओरडलं की तो येत असलेलंही विसरतो. स्कूटरवर घाबरलेला हात ब्रेक सोडून मूठ पिळतो. म्हणून नवऱ्याने मागे बसून "ब्रेक! ब्रेक!" करू नये. रविवारी शाळेच्या रिकाम्या मैदानात आधी नुसतं निघणं आणि थांबणं, मग वळण, मग गल्ली, सगळ्यात शेवटी बाजाराचा रस्ता. गाडी चालवणारी बहीण किंवा शेजारीण शिकवत असेल तर आणखी बरं.

आणि शेवटी, गाडी देताना पायाला दोरी बांधून देऊ नका. काही घरांत स्कूटर येते, पण ती फक्त मुलांना शाळेत सोडायला, किराणा आणायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला. म्हणजे कामं वाढली, मोकळीक तेवढीच. ती स्वतःच्या माहेरी, बँकेत, कॉम्प्युटरच्या क्लासला किंवा नुसतं मैत्रिणीकडे गेली आणि घरी परतल्यावर कोणी किलोमीटरचा हिशेब विचारला नाही, तर समजा की गाडी खरोखर तिची आहे. असं होणार नसेल, तर शोरूममधल्या कुठल्याही मॉडेलने तिचं काही भलं होणार नाही.