एका वर्षाची ऐपत

नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चाळीत राहून बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आणि डॉक्टर होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या मुलीचा दिवस नळाला पाणी येण्याच्या वेळेवर ठरतो. पिंपे भरून झाली की स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून जीवशास्त्राची चार पाने वाचायची आणि सहाच्या सुमारास स्थानक गाठायचे. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये शिरणे हीच त्या दिवसाची पहिली प्रवेशपरीक्षा. बोरिवलीचा शिकवणीवर्ग दुपारी सुटतो. परतल्यावर धाकट्या भावाचे जेवण, भांडी, आणि वडील वालीवच्या कारखान्यातून येईपर्यंत मिळेल तेवढा एकांत. रात्री घरातील दूरचित्रवाणी बंद ठेवणे हा साऱ्या कुटुंबाने तिच्यासाठी केलेला त्याग असतो. शेजारच्या खोलीतील दूरचित्रवाणीवर त्या त्यागाचा काही परिणाम होत नाही.

ही मुलगी महाविद्यालयात केव्हा जाते? पटावर तिचे नाव आहे आणि प्रात्यक्षिकांपुरती ती तेथे दिसते. शिकवणीवर्ग व कनिष्ठ महाविद्यालये यांच्या संगनमताला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला; संगनमत टिकून राहिले. वस्तुतः वर्गात मिळायला हवे ते शिकवणीत विकत मिळते, हे पालकांना कळून चुकले आहे. या शिकवणीच्या फीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. जे शिक्षण देणे शासनाचे कर्तव्य होते, ते बाजारातून विकत घेणाऱ्या कामगाराकडून शासन वर करही वसूल करते!

हा सारा खटाटोप 'नीट' या देशव्यापी परीक्षेसाठी आहे. २०१३ साली ती प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली, आणि २०१६ साली त्याच न्यायालयाने तिचे पुनरुज्जीवन केले. तिच्यामुळे महाराष्ट्रातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा बंद झाली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. १९८०च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि देणगीच्या नावाने जागांचा लिलाव सुरू झाला. तो रोखण्यासाठी विधिमंडळाला १९८७ साली कायदा करावा लागला, याचे स्मरण जुन्या कार्यकर्त्यांना असेल. तेव्हा पूर्वी सारे न्याय्य होते आणि 'नीट'ने ते बिघडविले, असे मानण्याचे कारण नाही.

तथापि जी विषमता पूर्वी देणगीच्या पाकिटात होती, ती आता काळात शिरली आहे. २०२४ साली सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी नाव नोंदविले. एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांतल्या, जेथील वार्षिक शुल्क कारखान्यातील कामगाराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतके आहे. कामगाराच्या मुलीसाठी खरी स्पर्धा उरते ती सरकारी जागांची. तेथे ७२० पैकी पाच-दहा गुणांनी नशीब फिरते, आणि हे पाच-दहा गुण बहुधा दुसऱ्या प्रयत्नात मिळतात. तामिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१ साली नेमके हेच दाखविले: 'नीट' आल्यानंतर पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि तमिळ माध्यमातील मुलांचे घटले.

विरार पश्चिमेच्या इमारतीतील मुलगा बारावीनंतर एक वर्ष घरी बसतो, तेव्हा त्याला 'ड्रॉप घेतला' असे म्हणतात. चाळीतील मुलगी तशीच घरी बसली तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बुद्धी दोघांची सारखी असेल. एक वर्ष काही न कमावता, पुन्हा शिकवणीची फी भरून अभ्यास करीत राहण्याची ऐपत सारखी नाही. गुणवत्ता यादी ही ऐपत मोजते, पण तिचा रकाना दाखवीत नाही. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून हा रकाना निदान मान्य केला. महाराष्ट्रात त्याची पुरेशी चर्चाही झाली नाही.

आणि ज्या परीक्षेच्या निष्पक्षतेवर विसंबून ही मुले वर्षे घालवितात, तिची अवस्था काय? २०२४ सालचा निकाल ४ जून रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या गदारोळात जाहीर झाला. ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण! पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, परंतु फूट देशव्यापी नसल्याचे सांगून न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. लोकलमध्ये उभ्याने जीवशास्त्र पाठ करणाऱ्या मुलीची त्याने समजूत पटणे कठीण आहे.

वसई-विरारपुरता हा प्रश्न घरगुती महत्त्वाकांक्षेचा नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. याच प्रदेशातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे १९९२ साली झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता; २३ एप्रिल २०२१ रोजी विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे डझनाहून अधिक रुग्ण दगावले. जेथे सार्वजनिक आरोग्यसेवेची एवढी निकड आहे, तेथल्या मुलांना डॉक्टर होण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते, अथवा डहाणू तालुक्यातील खासगी महाविद्यालयाकडे पाहावे लागते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्या यादीत शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ होते, पालघर नव्हते.

सरकारी महाविद्यालयाची मागणी लावून धरावीच लागेल, आणि तिला वर्षे लागतील. दरम्यान वसई तालुक्यातील कार्यकर्त्यांना हाताशी असलेले एक काम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती सायंकाळी कुलूपबंद असतात. बाके तेथे आहेत, दिवे आहेत. भौतिकशास्त्राचा एखादा निवृत्त शिक्षकही प्रत्येक गावात सापडतो. संध्याकाळी सहा ते दहा वर्ग उघडे ठेवावेत, एवढा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायला कोणत्याही अधिवेशनाच्या ठरावाची आवश्यकता नाही.