विश्लेषण : नोकरीआधीच हप्ता! शैक्षणिक कर्जाची खरी परीक्षा पदवीनंतरच का सुरू होते?

२०२४च्या उन्हाळ्यात अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तुकडीला २०२५च्या उन्हाळ्यात एक वर्ष पूर्ण झाले. यांपैकी ज्यांनी शैक्षणिक कर्ज काढले होते, त्यांच्या बँकेचा पहिला संदेश याच सुमारास येतो : हप्तेस्थगिती संपली, पुढील महिन्यापासून मासिक हप्ता खात्यातून वळता होईल. खात्यात पगार जमा होतो की नाही, याच्याशी या तारखेचा संबंध नसतो. कर्जाचे वेळापत्रक परीक्षेच्या वेळापत्रकावर बांधलेले असते आणि नोकरीचा बाजार मात्र गेली दोन-तीन वर्षे वेगळ्याच वेळापत्रकाने चालला आहे. अडचण नेमकी या दोहोंच्या मधल्या काळात आहे.

हप्ता नेमका कधी सुरू होतो?

बहुतेक सरकारी बँका भारतीय बँक संघाच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा आधार घेतात. तिच्यानुसार अभ्यासक्रमाचा कालावधी अधिक एक वर्ष इतकी हप्तेस्थगिती, म्हणजे मोरॅटोरियम, मिळते. त्यानंतर कमाल १५ वर्षांत कर्ज फेडायचे असते. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेचे संरक्षण असल्याने सहसा तारण मागितले जात नाही. त्यापुढे घर, जमीन किंवा मुदत ठेव तारण ठेवावी लागते. रक्कम कितीही असली तरी आई किंवा वडील सहकर्जदार असतातच. या शेवटच्या अटीचे महत्त्व प्रवेशाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही. ते पुढे कळते.

स्थगितीच्या काळात व्याज थांबते का?

नाही. थांबतो तो हप्ता, व्याज नव्हे. ‘कर्ज फेडायला नोकरी लागेपर्यंत वेळ आहे’ या वाक्याने अनेक कुटुंबांची दिशाभूल होते ती इथेच.

समजा एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या सुरुवातीला दीड लाख, असे एकूण सहा लाख रुपये १० टक्के दराने घेतले. स्थगितीच्या काळात सरळ व्याज लागते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचे ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार. एकूण व्याज दोन लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच सहा लाखांचे कर्ज आठ लाख १० हजारांवर पोहोचलेले असते. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १० हजार ७०० रुपये लागतात. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे १३ हजार ४५० रुपये.

याच कुटुंबाने शिक्षण सुरू असताना केवळ व्याज भरत राहिले असते तर १० वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आत राहिला असता. असे व्याज नियमित भरणाऱ्यांना दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूदही आदर्श योजनेत आहे. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साधारण साडेबाराशे रुपये असते; चौथ्या वर्षी ते पाच हजारांवर जाते. पहिली एक-दोन वर्षे तरी ते भरणे अनेकांच्या आवाक्यातले असते, पण शाखेत ते कोणी समजावून सांगतेच असे नाही.

पहिल्या पगारात हा हप्ता बसतो का?

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचे नवपदवीधरांसाठीचे सर्वसाधारण पॅकेज दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. भविष्य निर्वाह निधी, विमा, व्यवसाय कर आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वगळला की हाती महिन्याला २५ हजारांच्या आसपास येतात. १० हजार ७०० रुपयांचा हप्ता म्हणजे त्यातले ४० टक्क्यांहून अधिक. वाकड-हिंजवडीत तिघांत खोली घेऊन डबा लावला तरी उरलेल्यात महिना काढणे ही कसरतच असते. घरी पैसे पाठवणे तर दूरच.

आणि हे नोकरी लागलेल्याचे गणित आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. आयटी क्षेत्रात २०२१-२२मध्ये झालेल्या घाऊक भरतीनंतर हा झोका उलटा फिरला आणि त्याचा पहिला फटका कॅम्पस भरतीला बसला. ऑफर लेटर हातात असूनही रुजू होण्यासाठी दीड-दोन वर्षे थांबावे लागलेल्या उमेदवारांची उदाहरणे याच काळातली. बँकेच्या लेखी मात्र ऑफर लेटर म्हणजे नोकरी, आणि अभ्यासक्रम संपल्याची तारीख म्हणजे तारीख.

व्यापक चित्रही फारसे वेगळे नाही. केंद्राच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४मध्ये देशातील एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या अहवालाने अधिक बोचरी आकडेवारी मांडली होती. २०२२मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यामागे एक साधे कारण आहे. न शिकलेल्याला रिकामे बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. पदवीधर थांबू शकतो, म्हणून तो बेरोजगार म्हणून मोजला जातो. कर्ज असलेला पदवीधर मात्र या दोहोंच्या मध्ये अडकतो.

कर्जामुळे नोकरीची निवड बदलते का?

बदलते, आणि याची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात नीट दिसत नाही. हप्ता सुरू होणार म्हणून मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा पदवीधर कॉल सेंटर, बँकेची विक्री किंवा डिलिव्हरीचे काम पकडतो. वर्ष-दोन वर्षांनी मूळ शाखेत परतताना ‘मधल्या काळात काय केले?’ हा प्रश्न मुलाखतीत समोर येतो. प्रशिक्षणार्थी म्हणून काम शिकण्याचे रस्ते आहेत. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार रुपये विद्यावेतन मिळते, पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत पाच हजार. वरच्या उदाहरणातला हप्ताच १० हजार ७०० आहे. म्हणजे शिकण्याची संधी ज्याला सर्वाधिक हवी, त्यालाच ती परवडत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तीन-चार वर्षे तयारी करण्याचा मार्ग तर हप्ता असलेल्यासाठी जवळपास बंदच.

याच स्थगितीच्या वर्षात दुसरे कर्ज शिरते. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ देणारे जावा, टेस्टिंग, डेटा सायन्सचे वर्ग पुण्यात गल्लोगल्ली आहेत. शुल्क भरायला पैसे नाहीत असे म्हटले की तिथेच मोबाइलवर ‘सुलभ हप्ते’ करून दिले जातात. अनेकदा हे वर्गाचे हप्ते नसतात, तर एखाद्या वित्तसंस्थेचे वैयक्तिक कर्ज असते. वर्ग आवडला नाही, बंद पडला किंवा नोकरी लागली नाही तरी ते फेडावे लागते. त्याला ना एका वर्षाची स्थगिती, ना व्याज अनुदान. सही करण्यापूर्वी कर्ज देणारी संस्था कोणती, एवढे एक विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

हप्ता थकला तर घरावर काय परिणाम?

हप्ता देय तारखेपासून ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादित (एनपीए) ठरते. त्यानंतर ते पुन्हा नियमित करून घेण्यासाठी एखाद-दुसरा हप्ता भरून चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरावी लागते. कर्जदाराच्या पत अहवालात, म्हणजे बोलीभाषेत ‘सिबिल’मध्ये, त्याची नोंद होते. काही खासगी बँका आणि वित्तसंस्था नोकरी देतानाही उमेदवाराचा पत अहवाल तपासतात.

पण नोंद एकट्या मुलाच्या नावावर होत नाही. सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या अहवालातही ती दिसते. ग्रामीण महाराष्ट्रात याचा अर्थ वेगळा होतो. पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिलचा आग्रह धरू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना वारंवार बजावले आहे. वारंवार बजावावे लागते, यातच शाखांमधले वास्तव आले. पुण्यात मुलाची नोकरी लांबली म्हणून गावाकडे खरिपाच्या तोंडावर वडिलांची फाइल अडकू शकते. अशा वेळी अनेक घरांत सोने गहाण ठेवून किंवा सावकाराकडून उचल घेऊन मुलाचा हप्ता भरला जातो. बँकेच्या खात्यात कर्ज नियमित दिसते. प्रत्यक्षात ते महागड्या कर्जात बदललेले असते.

नोकरीच नसेल तर बँकेकडे काय मागता येते?

या विषयातली सर्वांत कमी माहिती असलेली बाब हीच. आयबीएच्या आदर्श योजनेत बेरोजगारी किंवा कमी पगाराच्या काळासाठी, कर्जाच्या संपूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा, पुन्हा स्थगिती देण्याचा विचार बँकांनी करावा, अशी तरतूद आहे. स्वतःचा उद्योग सुरू करणाऱ्यांनाही उभारणीच्या काळासाठी ती मागता येते. सुरुवातीला लहान आणि पगार वाढेल तसा मोठा होत जाणारा चढता हप्ताही मागता येतो. योजना मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. प्रत्येक बँकेचे संचालक मंडळ ती आपल्या पद्धतीने स्वीकारते. त्यामुळे हे हक्काने मिळत नाही. पण न मागणाऱ्याला ते मुळीच मिळत नाही, आणि मागण्याची वेळ महत्त्वाची असते. खाते नियमित असताना केलेला अर्ज आणि तीन हप्ते थकल्यावर केलेला अर्ज यांकडे शाखा व्यवस्थापक एकाच नजरेने पाहत नाही.

अर्ज लेखी असावा आणि त्याची पोच घ्यावी. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलल्याचा कंपनीचा ईमेल, ‘महास्वयम्’ संकेतस्थळावरील रोजगार नोंदणी किंवा सध्याच्या अल्प विद्यावेतनाचा दाखला जोडता येतो. तोंडी ‘साहेबांनी बघतो म्हटले’ याला पुढे काही अर्थ उरत नाही.

मुदत वाढवून घेतानाही आकडे पाहावेत. वरच्या उदाहरणात १० ऐवजी १५ वर्षे घेतली तर हप्ता सुमारे आठ हजार ७०० रुपयांवर येतो, म्हणजे दोन हजारांचा दिलासा. त्याची किंमत : एकूण परतफेड १२ लाख ८४ हजारांवरून १५ लाख ६७ हजारांच्या घरात जाते. तरीही पहिल्या नोकरीच्या काळात लांब मुदत घेणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्यासाठी दंड लागत नाही. पगार वाढल्यावर जादा रक्कम भरता येते. थकलेल्या हप्त्याची नोंद मात्र पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१९नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी किरकोळ कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडलेली असतात. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. ती कपात आपल्या कर्जात उतरली का, हे खातेउताऱ्यावरून पाहता येते. वरच्या उदाहरणात दर एक टक्क्याने कमी झाला तर १० वर्षांचा हप्ता सुमारे साडेचारशे रुपयांनी घटतो. बिगर-बँक वित्तीय कंपन्यांकडून कर्ज घेतलेल्यांना मात्र हा नियम लागू नाही, आणि परदेशी शिक्षणासाठी गेलेल्यांपैकी अनेकांचे कर्ज याच कंपन्यांकडचे असते.

सरकारी योजना कोणाच्या उपयोगाच्या?

वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी स्थगितीच्या काळातील संपूर्ण व्याज केंद्राकडून मिळू शकते. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा, ज्याला कॅम्पस नोकरीची शक्यता सर्वांत कमी, तो बहुधा या यादीबाहेरच राहतो. प्राप्तिकराच्या कलम ८०ई खाली व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, परंतु केवळ जुन्या करप्रणालीत. साडेतीन लाख पगार असलेल्याला करच लागत नसल्याने ती वजावट त्याच्यासाठी कागदावरच राहते.

या सर्व सवलती एक तर शिकतानाच्या आहेत किंवा चांगले कमावू लागल्यानंतरच्या. मधल्या वर्षासाठी काहीच नाही. ऑस्ट्रेलियात १९८९पासून परतफेड उत्पन्नाशी जोडलेली आहे. ठरावीक मर्यादेखाली कमाई असेल तर हप्ताच लागत नाही. तिथे कर्ज सरकारचे असते आणि वसुली करखाते करते. आपल्याकडे कर्ज बँकेचे असल्याने ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. केरळने २०१७मध्ये थकीत शैक्षणिक कर्जांसाठी ९०० कोटींची साह्य योजना आणली होती. महाराष्ट्राने मुलींसाठी २०२४-२५पासून आठ लाख उत्पन्नाच्या आतील पात्र गटांना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी दिली. त्यामुळे यापुढच्या तुकड्यांतील काही जणींना कर्जच कमी घ्यावे लागेल. आधीच कर्ज घेऊन बाहेर पडलेल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

वसुलीसाठी त्रास झाला तर?

वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. कर्जदाराच्या नातेवाईक-मित्रांना धमकावणे, समाजमाध्यमांवर बदनामी करणे यालाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. उशिरा भरलेल्या हप्त्यावर दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.