वापरलेले पाणी साठवावे का?

भोजनानंतर थाळी धुऊन ते पाणी प्राशन करण्याची रीत अनेक जैन कुटुंबांत आजही आहे. उष्ट्यात दोन घटिकांत, म्हणजे 48 मिनिटांत, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, ही त्यामागील श्रद्धा. त्यामुळे न्हाणीचे पाणी टाकीत साठवून पुन्हा वापरण्याचा सल्ला श्रावकांना खटकतो. आणि तो खटकावाच. साबण-मळाचे पाणी साठवले की लवकरच कुजते. परंतु गटारात सोडलेले तेच पाणी तेथेही तुंबते, आणि इकडे शौचकूपात पिण्याचे पाणी ओतून अप्कायाची नवी विराधना होते! साठवण नको, तत्काळ उपयोग हवा. कपडे खळबळल्याचे अखेरचे पाणी लगेच शौचकूपात घालावे. स्नानाचे पाणी नळीने थेट केळी-नारळाच्या आळ्यात, पाचोळ्याखाली सोडावे. ते वर तुंबलेले दिसू लागल्यास आळे रुंद करावे.