गिऱ्हाईक, ग्राहक आणि साक्षीदार

मराठीत 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' असा एक वाक्प्रचार आहे. चारचौघांत कोणाला तरी बनवायचे, त्याची फजिती करायची, हा त्याचा अर्थ. पैसे मोजून वस्तू घेणाऱ्याला आपल्या भाषेने फसणाऱ्यांच्या पंक्तीला नेऊन बसवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मापात पाप करणारा दुकानदार आणि नशिबाला बोल लावून घरी परतणारे गिऱ्हाईक, अशी जोडी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो.

या गिऱ्हाइकाचा 'ग्राहक' होण्यास बराच काळ जावा लागला. १९६६ साली मुंबईतील काही गृहिणींनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कुटुंबांचे गट करायचे, महिन्याचे सामान एकत्र खरेदी करायचे आणि आपसांत वाटून घ्यायचे, असा तिचा साधा मार्ग. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे २०१९ चा नवा कायदा झाला व तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. गिऱ्हाइकाला हक्क मिळाले, तो ग्राहक झाला.

आता या ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन आले आहे. घेतलेल्या वस्तूविषयी, जेवलेल्या खाणावळीविषयी, मुक्काम केलेल्या लॉजविषयी तो मोबाईलवर चार ओळी लिहितो, एक ते पाच तारे देतो आणि त्या ओळी वाचून अनोळखी माणसे आपले पैसे कोठे खर्च करायचे ते ठरवतात. महाविद्यालयात पाऊल टाकणारा विद्यार्थी हे काम अगदी सहज करू लागतो. मात्र हे काम कसे करावे हे त्याला कोणी सांगत नाही. माझे मत असे की, असा अभिप्राय ही एक साक्ष आहे आणि साक्षीदाराला जी बंधने असतात तीच अभिप्राय लिहिणाऱ्याने आपणहून पाळली पाहिजेत.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगावचा जनावरांचा बाजार पाहा. बैल घ्यायला निघालेला शेतकरी बरोबर एखादा जाणता माणूस घेऊन जातो. तो जाणता माणूस दात पाहतो, बैल चालवून पाहतो, खांदा चाचपतो आणि मग हलक्या आवाजात आपले मत देतो. त्याच्या शब्दाला किंमत का? त्याने स्वतः पाहिलेले असते, व्यापाऱ्याकडून त्याने काही घेतलेले नसते आणि उद्या बैल मारका निघाला तर गावात त्यालाच तोंड दाखवायचे असते. पाहणे, न विकले जाणे आणि जबाबदारी घेणे, या तीन पायांवर त्याचे मत उभे असते. मोबाईलवरील अभिप्रायाला यातला तिसरा पाय जवळजवळ नसतोच. लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच पहिले दोन पाय अधिक भक्कम हवेत.

पहिला नियम असा की, जे आपण घेतले, वापरले, तेवढ्यावरच लिहावे. अमेरिकेत १९३६ साली कन्झ्युमर्स युनियन ही वस्तूंची तपासणी करून निष्कर्ष छापणारी संस्था सुरू झाली. आपल्या मासिकात तिने बाहेरची जाहिरात घेतली नाही आणि तपासायची वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून पैसे देऊन विकत घेतली. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी जीभ सैल सुटते, हे त्या लोकांनी ओळखले होते. आपल्याला प्रयोगशाळा उभारणे शक्य नाही. पण किती रुपयांना घेतली, केव्हा घेतली, किती दिवस वापरली, हे तर लिहिता येईल! 'चप्पल एकदम झकास' या शब्दांचा कोणालाच उपयोग नाही. 'चार महिने रोज घातली, पावसात भिजली, डाव्या पायाचा अंगठा तुटला, बाकी शिवण शाबूत आहे', या वाक्याचा उपयोग सर्वांना आहे.

दुसरा नियम पहिल्याहून अवघड आहे. दिसले ते लिहावे. कारण ठरवण्याची घाई करू नये. आपल्या नगर जिल्ह्याच्या नित्याच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. कांद्याच्या शेतात डेंगळे निघाले की, 'बी बोगस होते' असे आपण तत्काळ म्हणतो. बी खराब असू शकते, हे खरेच. परंतु लागवड फार लवकर झाली किंवा थंडी लांबली तरीही डेंगळे येतात. म्हणून लिहिताना वाण कोणता, रोप कधी टाकले, लागवड कधी केली, साधारण किती झाडांना डेंगळे आले, एवढे सांगावे. शेजारच्या गावातील चार शेतकऱ्यांनीही असेच लिहिले, तर दोष बियाण्यात की हवेत हे ताडून पाहता येते. 'कंपनी चोर आहे' या तीन शब्दांतून काय ताडून पाहणार? शिवाय पुराव्याविना असा आरोप केल्यास बदनामीचा खटला अंगावर येऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

तिसरा नियम रागाविषयी. वस्तू एक, ती आणून देणारा दुसरा आणि विकणारा तिसरा, अशी आजच्या व्यवहाराची रीत आहे. पुस्तक उत्तम असते, पण पार्सल दोन दिवस उशिरा येते आणि आपण पुस्तकाला एक तारा देऊन मोकळे होतो! चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला? राग आला असेल तर रात्र जाऊ द्यावी. दुकानदाराला आधी सांगून पाहावे. त्याने वस्तू बदलून दिली तर तेही लिहावे. न दिल्यास तसे लिहावे. भांडारदऱ्याला किंवा शिर्डीला एखादे कुटुंब दोन-तीन खोल्या भाड्याने देते, घरचे जेवण देते. मोठ्या हॉटेलला हजार अभिप्रायांत एक वाईट अभिप्राय आला तर ते हॉटेल काही बुडत नाही. या कुटुंबाचे एकंदर अभिप्रायच पंधरा-वीस असतात. पाणी गरम नव्हते म्हणून संतापाच्या भरात दिलेला एक तारा त्यांचा हंगाम खाऊ शकतो. पाणी गरम नव्हते हे अवश्य लिहावे. पण अंथरूण स्वच्छ होते आणि पिठले-भाकरी पोटभर मिळाली, हेही त्याच प्रामाणिकपणे लिहावे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. कारण येथे खरा मोह आहे. 'पाच तारे द्या, इतके रुपये मिळतील' अशी आमिषे विद्यार्थ्यांना दाखवली जातात. खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, एस.टी.चा पास यांची जुळवाजुळव करणाऱ्या मुलाला पन्नास रुपयेही थोडे नसतात. त्याला वाटते, हजारो लोक लिहितात, माझ्या एका खोट्याने कोणाचे काय बिघडणार? हा युक्तिवाद मला मान्य नाही. हे खोटे मोठ्या कंपनीला बाधत नाही. ते बाधते पाथर्डीच्या एखाद्या घरात, जेथे वर्षभर साठवलेल्या पैशांतून मिक्सर घेण्यापूर्वी एखादी ताई आपले अभिप्राय वाचत असते. तिच्याबरोबर जाणता माणूस नाही. तिने आपल्यालाच जाणता माणूस मानले आहे. पन्नास रुपयांना आपण विकतो तो तिचा विश्वास! आणि त्याच गावात मेहनतीने बरी वस्तू विकणारा, पण तारे विकत न घेणारा दुकानदार मागे पडतो, हे दुसरे नुकसान.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक जाहीर केले. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे ते सांगते. ते ऐच्छिक म्हणून जाहीर झाले. पण प्रामाणिकपणासाठी सक्तीची वाट कशाला पाहावी? मामाच्या दुकानाविषयी लिहावेसे वाटले तर 'हे माझ्या मामाचे दुकान आहे' एवढे एक वाक्य आरंभी घालावे. मग हवे तेवढे कौतुक करण्यास हरकत नाही. वाचणारा काय ते समजून घेईल.

आणखी दोन लहान गोष्टी. बिलाचा फोटो टाकताना त्यावरील आपला पत्ता व फोन नंबर झाकावा आणि दुकानातील कामगाराचा चेहरा दाखवू नये. त्या बिचाऱ्याने धोरण ठरवलेले नसते. आणि मराठीत लिहावे. मोडक्या इंग्रजीत 'नाइस प्रॉडक्ट' लिहिण्यापेक्षा आपल्या भाषेतील दोन नेटकी वाक्ये आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या अधिक कामी येतील. कलाशाखेत चार वाक्ये नीट लिहिण्याचे शिक्षण आपण घेतो. त्याचा असा रोजचा उपयोग दुसरा कोणता?

तथापि अभिप्राय म्हणजे न्याय नव्हे. नुकसान मोठे असेल तर चार ओळी लिहून स्वस्थ बसणे हाही एक भाबडेपणाच. बियाण्यांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. शेतकरी पीक विकतो, म्हणून तो ग्राहक नव्हे, असा युक्तिवाद राष्ट्रीय बीज निगमाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. न्यायालयाने २०१२ साली तो फेटाळला आणि बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे स्पष्ट केले. सगळे बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही न्यायालयाने अवास्तव ठरवली. तरी पिशवी, तिच्यावरील लेबल, लॉट क्रमांक आणि पक्के बिल पीक हाती येईपर्यंत जपावे. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे वेळेत लेखी तक्रार करून शेताची पाहणी व पंचनामा करून घ्यावा. नव्या कायद्याप्रमाणे विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगापुढे मांडता येते; म्हणजे आपल्याला अहिल्यानगरलाच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगणे, हे शिकलेल्या मुलाचे कर्तव्य नव्हे काय?

विद्यार्थी मित्रहो, आरंभ लहान गोष्टीपासून करावा. रोज वापरातले पेन, पाठीवरची बॅग, ज्या खाणावळीत आपण दोन्ही वेळा जेवतो ती खाणावळ. या गोष्टी आपल्याला खरोखर ठाऊक असतात. त्यांवर चार वाक्ये लिहावीत आणि पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : दुकानदार समोर उभा असता आणि शेजारी आपली आई वस्तू घ्यायला आलेली असती, तर हीच वाक्ये मी मोठ्याने बोललो असतो का? उत्तर 'होय' असेल तर खुशाल पाठवावीत. 'नाही' असेल तर ती पुसून पुन्हा लिहावीत.