अपुरेपण आणि वाटणी

अपुरेपणाचे कौतुक करण्याची सवय आपणा साहित्याच्या अभ्यासकांना आहेच. संगणकाच्या क्षेत्रातही ती मुरली आहे. 'हायकू' या मुक्त प्रणालीचे उदाहरण घ्यावे. 'बीओएस' ही व्यावसायिक प्रणाली २००१ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा 'ओपनबीओएस' या नावाने हे काम सुरू झाले. २००४ मध्ये त्याला काव्यप्रकाराचे नाव मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा आवृत्ती आली. तिच्यातल्या 'ड्राइव्हसेटअप'लाही डिस्कवरचा असलेला विभाग लहान करता येत नाही.

विभागणी म्हणजे काय, हे खेडसारख्या तालुक्यात समजावून सांगावे लागू नये. जमीन जागच्या जागी असते. पण सातबारावरची, पोटहिस्स्याची नोंद बिघडली की ती कोणाची हे सांगता येत नाही. डिस्कचेही तसेच. कोणता विभाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा तक्ता डिस्कच्या आरंभी असतो. तो बिघडला की मजकूर असूनही सापडत नाही, आणि त्या जागी नवे लिहिले गेले की कायमचा जातो.

यावर ठरलेली उत्तरे दोन. प्रणाली फुकट आहे, आणि संहिता खुली आहे. तुम्हीच दुरुस्त करा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आधी प्रोग्रॅमिंग शिकून ये म्हणणे म्हणजे पुस्तकातला गहाळ फर्मा वाचकानेच छापून आणावा म्हणण्यासारखे आहे. काम करणारे स्वयंसेवक थोडे, हे मान्य. मुद्दा अग्रक्रमाचा आहे. घड्याळाची खिडकी अपुरी राहिली तर गैरसोय होते. विभागणीची राहिली तर प्रबंध जातो. ज्याच्याकडे दुसरा संगणक आहे तो प्रयोग करील. ज्याच्या घरी एकच यंत्र, त्यावर विंडोज आणि त्यातच दोन वर्षांची टिपणे, त्याला सल्ला मिळतो तो लिनक्सवरचे 'जीपार्टेड' वापरण्याचा. एक प्रणाली बसवण्यासाठी आधी दुसरी शिकायची!

हे अटळ नाही. डेबियनने एप्रिल २००७ मध्ये चित्रमय इन्स्टॉलर दिला, त्यामुळे जोडाक्षरांच्या लिप्या पडद्यावर नीट दिसू लागल्या. फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीत त्यात मराठीही आली. डिस्कवर काही लिहिण्याआधी तो बदलांची यादी दाखवून संमती विचारतो. तेही मुख्यतः स्वयंसेवकांचेच काम आहे.

शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूत न सांगितलेले वाचकाने भरायचे असते. चुकीचे भरले तरी कवितेचे काही बिघडत नाही. डिस्कच्या बाबतीत ही सवलत नाही. म्हणून आमची मागणी माफक आहे : साधनाला जे येत नाही ते पहिल्याच पडद्यावर स्पष्ट सांगावे, आणि कोणता मजकूर पुसला जाणार हे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत लिहावे. यातले दुसरे काम प्रोग्रॅमरचे नव्हे, भाषेच्या माणसांचे आहे. मराठी विभागांनी ते आपले मानायला हवे.